त्याचा चष्मा, ३५ रुपये

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर पावसाची झड लागलेली, वाचनकक्षात पंख्यांची घरघर आणि ओल्या छत्र्यांचा वास. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा काउंटरपाशी आला. त्याआधी तो मासिकांच्या रॅकपर्यंत दोनदा जाऊन परत फिरलेला मी पाहिला होता. आजूबाजूला कुणी नाही अशी खात्री करून त्याने अगदी हळू विचारलं, "मॅडम, समलिंगी लोकांच्या इतिहासावर आपल्याकडं जुनं काही आहे का? मराठीत?" मी रजिस्टरमधून मान वर केली आणि म्हणाले, "नाही रे, त्यावर मराठीत काही नाही." "बरं मॅडम," एवढंच बोलून तो गेला. छत्री काउंटरलाच टेकवून विसरला.

मी शोधलंच नव्हतं.

ते मला घरी गेल्यावर, कुकरची शिट्टी होता होता लक्षात आलं. सत्तावीस वर्षं मी ग्रंथपाल आहे. द्राक्षावरच्या भुरीवर कुणी पुस्तक मागितलं तरी मी आधी "बघते हं" म्हणते, उठते, दोन कपाटं धुंडाळते, मग उत्तर देते. या मुलाला मात्र जागेवरून न उठता "नाही" म्हणाले होते, तेही इतक्या पटकन, की ते "नाही" माझ्या तोंडात आधीपासून तयारच असणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचा तो हळू आवाज आठवत राहिला. किती दिवस मनात घोकून त्याने तो प्रश्न विचारला असेल! 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोधलं असेल, इंग्रजी प्रबंध सापडले असतील, आणि मग आपल्या भाषेत काहीतरी असेलच म्हणून तो आमच्या दारात आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी जुने तालिकापत्रांचे खण उघडले. आता सगळं संगणकावर आहे, पण ते सागवानी खण मी काढू दिलेले नाहीत. त्यांचा एक खास वास असतो, जुना पुठ्ठा, थोडा डिंक, थोडी कसर. 'स' मध्ये काही नव्हतं. 'ल' मध्ये एक कार्ड निघालं. कामजीवनावरचं एक जुनं सल्ल्याचं पुस्तक, त्यातलं एक प्रकरण आमच्या विषयाचं. वर्गांक ६१६.८५८३. आणि विषयाच्या जागी निळ्या शाईत, ठसठशीत, शिरोरेघ सरळ ओढून लिहिलेले दोन शब्द: लैंगिक विकृती.

अक्षर माझं होतं.

मी ते कार्ड हातात धरून स्टुलावर बसले. १९९९ साली केलेलं कार्ड, मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्युईची दशांश पद्धत आम्ही वापरतो. त्या पद्धतीत हा विषय पहिल्यांदा आला १९३२ साली, मानसिक बिघाड आणि विकृतींचं मानसशास्त्र या घरांत. पुढे त्याला आणखी घरं मिळाली. त्यांतलं ६१६ हे रोगांचं. १९९६ मध्ये त्याला ३०६.७ हा आकडा मिळाला, म्हणजे समाजशास्त्राच्या फडताळात, माणसांच्या नात्यांच्या शेजारी. म्हणजे मी कार्ड लिहिलं तेव्हा जग तीन वर्षं पुढे गेलेलं होतं. आमच्याकडे ड्युईची जुनी आवृत्ती होती हे खरं. पण 'विकृती' हा शब्द मला कुणी लिहायला लावला नव्हता. तो मी माझ्या मनाने लिहिला, आणि ते पुस्तक सव्वीस वर्षं क्षयरोग आणि मधुमेहाच्या पुस्तकांशेजारी उभं राहिलं. 'इतिहास' शोधणारा मुलगा त्या रॅककडे कशाला फिरकेल? आणि चुकून फिरकलाच, तर स्वतःला कुठे ठेवलंय ते बघून काय म्हणेल?

मग माझा हात थांबेना. त्या आठवड्यात मी रोज एक तास संध्याकाळी थांबले आणि ज्या शब्दांनी कुणी शोधणार नाही त्या शब्दांनी शोधत गेले. या विषयाचं सगळं अवघडपण तिथेच आहे. हवा तो शब्द जुन्या कागदांत नसतो. तिथे 'अनैसर्गिक कृत्य' असतं, 'बायकी' असतं, 'नाच्या' असतो, 'जोगता' असतो, 'खास मित्र', 'आजन्म अविवाहित', 'दोघी जिवलग मैत्रिणी'. मृत्युलेखात 'पश्चात भाऊ, भावजय, पुतणे' असं असतं, आणि ज्याने शेवटची दहा वर्षं उशाशी बसून काढली त्याचं नाव नसतं. संशोधकाला आधी हे टोपणशब्द शिकावे लागतात. मोडी शिकल्याशिवाय पेशव्यांचं दप्तर उघडता येत नाही, तसं.

मराठीत काही नाही म्हणणाऱ्या मला पहिल्यांदा आठवायला हवे होते र. धों. कर्वे. १९२१ मध्ये गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढणारा आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवणारा हा माणूस. लोक आपल्या शरीराबद्दलचे, कुणालाच विचारता न येणारे प्रश्न त्यांना पत्राने विचारत आणि ते मासिकात उत्तरं देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. प्रश्न होते हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, दंड झाला. खटल्याची ही हकिगत आपल्याकडे भाषणांतून, लेखांतून अनेकदा सांगितली जाते. मी मात्र त्या दिवशी वेगळ्याच माणसाचा विचार करत होते. तो प्रश्न विचारणारा कोण? कुठल्या गावी, कुठल्या कंदिलाच्या उजेडात त्याने ते पत्र लिहिलं असेल? पोस्टाच्या पेटीत टाकताना त्याने आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली असेल का? नव्वद वर्षांनी माझ्या काउंटरपाशी तोच प्रश्न आला, तितक्याच हळू आवाजात. कर्व्यांनी उत्तर दिलं होतं.

कोर्टाची दप्तरं हा या इतिहासाचा सगळ्यात मोठा साठा, आणि सगळ्यात निर्दय. १८८४ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयासमोर खैराती नावाच्या एका माणसाचं प्रकरण आलं. गुन्हा काय, तर बायकांचे कपडे घालून एका कुटुंबातल्या बायकांबरोबर गाणं म्हणत होता. पोलिसांनी धरलं, डॉक्टरकडून तपासणी केली, खालच्या कोर्टाने 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली दोषी ठरवलं. उच्च न्यायालयाने सोडलं, कारण कधी, कुठे, कुणाबरोबर हे काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. खैरातीबद्दल आपल्याला जे कळतं ते पकडणाऱ्यांच्या आणि न्याय करणाऱ्यांच्या भाषेत. तो काय गात होता ते कुणी लिहून ठेवलं नाही. माझा जीव त्या गाण्यात अडकून राहिला आहे. लग्नातलं होतं का? पाळणा होता का? बायका टाळ्या देत होत्या का? त्या घरातल्यांना तो तसाच चालत होता का? न्यायाधीशाला ते विचारावंसं वाटलं नाही, आणि म्हणून आता कुणालाच ते कळणार नाही.

कलम ३७७ वरच्या निकालांची रांग पुढे २ जुलै २००९ (दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले), ११ डिसेंबर २०१३ (सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा गुन्हा ठरवले), ६ सप्टेंबर २०१८ (सर्वोच्च न्यायालयानेच ते गुन्ह्यातून वगळले) अशी आपल्यापर्यंत येते. त्या शेवटच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रासाठी मुलांची झोंबाझोंबी झाली होती. त्याच्या पुढच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे ते वर्तमानपत्र गठ्ठ्यात टाकलं. कात्रण काढलं नाही. आम्ही उसाच्या दराची कात्रणं ठेवतो.

आता ज्यांनी ठेवलं त्यांच्याबद्दल. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली काही बायकांनी समलिंगी स्त्रियांचा संग्रह सुरू केला तो जोन नेसल यांच्या राहत्या घरात, कोठीच्या खोलीत. जिथे डाळ-तांदूळ ठेवायचे तिथे पत्रं, डायऱ्या, बिल्ले, कुणाचे फोटो. पुढे १९९३ मध्ये ब्रुकलिनला स्वतःची इमारत झाली, पण नियम तोच राहिला, की आत यायला विद्यापीठाचं पत्र लागत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या प्रवेशाचे फॉर्म आठवले, दोन फोटो, विभागप्रमुखांची सही, विषयाचं नाव. तो मुलगा विभागप्रमुखांकडे कुठला विषय लिहून सही मागणार होता? आपल्याकडे मुंबईत १९९० साली अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, १९९५ मध्ये स्त्री संगम, जी पुढे 'लेबिया' झाली. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि सोप्या मराठीत, आईबापांना समजेल असं लिहीत राहिले. बंगळूरुच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आता 'कमरा' नावाचा संग्रह आहे, त्यात चित्रफिती, मुलाखती, खटल्यांचे कागद. कमरा म्हणजे खोली. हे नाव मला फार आवडलं. कारण माझ्या मनात या सगळ्या विषयाला एक खोलीच आहे, गिरगावातल्या एका चाळीतली, दुसऱ्या मजल्यावरची, दहा बाय बाराची.

ती माझ्या मामाची. मामा गोदीत कारकून होता, आणि त्या खोलीत त्याच्याबरोबर काका राहायचे. काका म्हणजे मामाचे मित्र, रेल्वेत नोकरीला. सुट्टीत आम्ही गेलो की दोघं आम्हाला चौपाटीवर न्यायचे. मामा भराभर चालायचा आणि काका मागे राहायचे, मग मामा कोपऱ्यावर थांबून वळून बघायचा. ते वळून बघणं मला अजून दिसतं. खोलीत एक लोखंडी कॉट, एक गुंडाळलेली गादी, भिंतीला लाकडी फळी, फळीवर दोन दाढीचे ब्रश एकाच पेल्यात. घरात कुणी कधी काही बोललं नाही. "दोघांचं छान जमतं" असं आजी म्हणायची आणि विषय बदलायची. गिरगावात तेव्हा बिनलग्नाची, किंवा कुटुंब गावी ठेवलेली माणसं खोल्या वाटून राहतच होती, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरजही पडली नसेल.

काका आधी गेले. मामा १९९८ च्या थंडीत. त्याची पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकून आमच्या गावच्या घरी आली. आईने ती माजघरात उघडली. वर धोतरं, मग एक खाकी कागदात गुंडाळलेलं मासिक, आणि तळाशी पत्रं. काकांची चार वर्षं भुसावळला बदली झाली होती तेव्हाची, आकाशी रंगाची अंतर्देशीय पत्रं, सुतळीने बांधलेले सहा गठ्ठे. पुढचे तीन दिवस आईने रोज पहाटे बंबात गोवऱ्यांबरोबर दोन-दोन गठ्ठे घातले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, कागद कसा जपायचा याची परीक्षा पास झालेली. मी परसदारी उभी राहून पाहिलं. अंतर्देशीयाचा कागद पटकन जळत नाही, आधी कडेने आत वळतो, मग त्यावरचं अक्षर क्षणभर जास्त काळं दिसतं. त्या तीन दिवसांच्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या.

बर्लिनमध्ये मॅग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १९१९ साली लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था उभी केली होती. भारतातही ते १९३१ मध्ये येऊन गेले. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी चौकात पुस्तकांची होळी केली. हे मी पुढे वाचलं. त्या होळीचे फोटोही पाहिले. ते पाहताना मला आमचा तांब्याचा बंब आठवतो आणि मग स्वतःचाच राग येतो, कारण आई काही द्वेषाने ते करत नव्हती. या पावसाळ्यात मी तिला धीर करून विचारलं. ती चौऱ्याऐंशीची आहे, वाती वळत बसली होती. "आई, मामाची पत्रं का जाळलीस गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुणाच्या हाती पडली असती म्हणजे? माझा भाऊ होता तो." मी विचारलं, "वाचली होतीस?" "दोन वाचली." "मग?" तिने वात तळहातावर फिरवून पूर्ण केली आणि म्हणाली, "पुढची वाचवेनात. फार जीव लावून लिहिलेली होती."

मला वाटतं, या इतिहासाची निम्मी कागदपत्रं अशाच मायेच्या माणसांनी नाहीशी केली असतील. त्यांच्यावर रागावता येत नाही, आणि नुकसान तर भरून येत नाही.

ट्रंकेतली एक वस्तू मी तेव्हा ओढून घेतली होती, मामाची हिशेबाची वही. लाल कापडी बांधणीची, लांबट, १९६६ ते १९७१ ची. आईने ती दिली, कारण हिशेबात काय असणार? पुढे कितीदा तरी मी ती चाळली. दूध, रॉकेल, धोबी, बस. आणि मधूनमधून 'त्याचा', 'त्याची', 'त्याला'. नाव कुठेच नाही. 'त्याचे सोल, २.५०.' 'त्याची गंजिफ्रॉकं दोन.' १९६८ च्या नोव्हेंबरात, 'त्याचा चष्मा, ३५ रुपये', आणि त्या महिन्यात मामाचा स्वतःचा पान-तंबाखूचा रकाना कोरा. पुढच्या महिन्यातही कोरा. सहा वर्षांच्या वहीत चष्म्याच्या त्या ओळीसारखी ओळ मला दुसरी सापडलेली नाही.

त्या मुलाची छत्री मी कपाटात ठेवली होती. तो आठ-दहा दिवसांनी आला, छत्रीच मागायला. मी त्याला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. मी न शोधताच नाही म्हणाले." तो गोंधळला. ग्रंथपाल असं काही बोलेल याची त्याला सवय नसावी. मी त्याच्यासमोर 'समाजस्वास्थ्य'ची माहिती ठेवली, निकालांच्या तारखा, बंगळूरुचा पत्ता, १९८७ च्या डिसेंबरात एकमेकींशी लग्न केलेल्या मध्य प्रदेश पोलिसांतल्या लीला आणि ऊर्मिलाची हकिगत शोधायला त्या पुढच्या महिन्यांची वर्तमानपत्रं बघ असं सांगितलं. टोपणशब्दांची माझी यादी दिली. सौंदत्तीच्या जत्रेला जाणाऱ्या जोगत्यांशी बोलायचं असेल तर वही मिटून, आधी नुसतं बसायचं, हेही सांगितलं. तो भराभर लिहीत होता. कार्डही दाखवलं, अक्षर माझं आहे असं सांगून. आता नवं कार्ड केलं आहे, ३०६.७ चं. जुनं मी फाडलं नाही. कधी कुणी आमच्या ग्रंथालयांचा अभ्यास करेल तेव्हा त्याला ते लागेल.

वही दाखवू की नको, यावर मात्र मी दोन दिवस झुरले. मामाने कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःला कुठला शब्द लावला असता, लावला असता का, मला ठाऊक नाही, आणि मेलेल्या माणसाला मी आज एखादं लेबल चिकटवणं म्हणजे १९९९ चं कार्डच पुन्हा लिहिणं, फक्त शाई चांगली. खोली वाटून राहणाऱ्या दोन कारकुनांचा सामाईक खर्च, असंही कुणी म्हणेल, आणि त्याला मी खोटं ठरवू शकणार नाही. मला ते सिद्ध करायचंही नाही. पण ही वही माझ्यानंतर रद्दीत जाणार हे मला दिसत होतं. म्हणून एका शनिवारी, वाचनकक्ष रिकामा असताना, मी ती मलमलीच्या फडक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. कुणाची ते सांगितलं, नाव लिहायचं नाही असं सांगितलं. त्याने आधी हात पँटला पुसले.

तो एक तासभर काही बोलला नाही. पानं बोटाच्या टोकाने उलटत होता. चष्म्याच्या ओळीशी थांबला, माझ्याकडे बघितलं, पुढे गेला. मग १९६९ च्या जुलैवर येऊन परत मागे गेला, पुन्हा पुढे आला. "मॅडम," तो म्हणाला, "इथून अक्षर वेगळं आहे."

मी चष्मा लावून वाकले. खरंच होतं. ३ जुलैपासून 'र' वेगळा, आकडे जरा मोठे, शाई तीच. सहा-सात पानं तसंच. 'त्याला मोसंबी, अर्धा डझन.' 'त्याचं औषध.' 'डॉक्टर घरी, ५ रु.' 'त्याला साबुदाणा.' मग ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा मामाचं अक्षर, पण थरथरतं, ओळ सोडून खाली गेलेलं. त्या वर्षी मामाला टायफॉइड झाला होता असं आई सांगायची. सत्तावीस वर्षं वही माझ्याजवळ होती आणि मला हे दिसलं नव्हतं.

"हे अक्षर त्यांचंच का? काकांचं?" त्याने विचारलं.

ताडून बघायला त्यांची पत्रं हवी होती. मी त्याला तसं सांगितलं, बंबाचंही सांगितलं. तो काही बोलला नाही. मग मी खणातून भिंग काढून आणलं, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, आणि आम्ही ३ जुलैपासून परत सुरुवात केली.